तुरुंगातील आप्ताला पार्सल पाठवताना: चौकशीपासून पोच मिळेपर्यंत

घरातले माणूस तुरुंगात गेले की वकील, न्यायालय आणि तारखा यांचे चक्र आपल्या गतीने फिरू लागते आणि त्यात घरच्यांच्या घाईला काही किंमत उरत नाही. आपल्या हातात राहते ते एवढेच, की त्याला काहीतरी पाठवावे. आणि म्हणूनच अनेक कुटुंबे नियमांची चौकशी न करता, सुचेल ते खोक्यात भरून रवाना करतात. असे खोके बहुधा जसेच्या तसे परत येते, कधी निम्म्या वस्तू काढून टाकलेल्या अवस्थेत आत पोहोचते, तर कधी तुरुंगाच्या गोदामात सुटकेच्या दिवसापर्यंत पडून राहते.

हे टाळायचे असेल तर एक गोष्ट सुरुवातीपासून डोळ्यांसमोर ठेवावी लागते. पार्सल सर्वांत आधी उघडणारे हात तुमच्या माणसाचे नसतात. ते उघडतो तपासणीच्या टेबलामागचा कर्मचारी; त्याच्यासमोर परवानगी असलेल्या वस्तूंची यादी असते, बाजूला अशीच आणखी खोकी असतात आणि प्रत्येकासाठी त्याच्याकडे थोडाच वेळ असतो. तो साबणाची वडी वाकवून पाहतो, टूथपेस्टची नळी दाबून बघतो, शर्टाच्या कॉलरवरून आणि पायजम्याच्या नेफ्यावरून बोटे फिरवतो, शुभेच्छापत्र उजेडासमोर धरतो. ज्या वस्तूबद्दल त्याला शंका येते ती बाजूला काढणे हा त्याच्या दृष्टीने सर्वांत सुरक्षित निर्णय असतो, कारण आत गेलेल्या चुकीच्या वस्तूचा जाब त्याला द्यावा लागतो, अडवलेल्या योग्य वस्तूचा सहसा द्यावा लागत नाही. वस्तू निवडण्यापासून खोक्याला चिकटपट्टी लावण्यापर्यंतचे सगळे निर्णय या टेबलाकडे पाहून घ्यावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

आधी माणूस कुठे आहे आणि कोणत्या दर्जाने आहे

पहिले काम पत्त्याचे. आप्ताचे नाव तुरुंगाच्या दप्तरात जसे नोंदले आहे तसेच, त्याच वर्णलेखनासह लिहावे लागते. घरी वापरले जाणारे नाव किंवा आडनावाचे दुसरे रूप चालत नाही. नावासोबत कैदी क्रमांक हवा, आणि अनेक ठिकाणी जन्मतारीख व बराकीचा किंवा विभागाचा क्रमांकही लागतो. एकाच नावाचे दोन कैदी असणे ही मुळीच दुर्मीळ गोष्ट नाही, त्यामुळे क्रमांकाशिवाय आलेले पार्सल स्वीकारलेच जात नाही. शिवाय कैद्याची बदली कुटुंबाला कळण्याआधीच झालेली असू शकते; म्हणून खोके पाठवण्याच्या आदल्या एक-दोन दिवसांत तो तिथेच आहे ना, याची फोनवरून खात्री करून घ्यावी.

दुसरी बाब दर्जाची, आणि तिच्यावर बरेच काही अवलंबून असते. खटला चालू असलेला न्यायाधीन कैदी आणि शिक्षा झालेला कैदी यांना मिळणाऱ्या सवलती जगात जवळपास सर्वत्र वेगळ्या आहेत. कैद्यांना द्यायच्या वागणुकीसाठी संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेले किमान नियम 2015 मध्ये सुधारून स्वीकारले गेले आणि त्यांना नेल्सन मंडेला यांचे नाव देण्यात आले. त्यातील नियम 114 नुसार न्यायाधीन कैद्याला, तुरुंगाच्या शिस्तीत बसेल त्या मर्यादेत, कुटुंब वा मित्रांमार्फत बाहेरून जेवण मागवता येते. नियम 115 त्याला स्वतःचे स्वच्छ आणि योग्य कपडे घालण्याची मुभा देतो आणि नियम 117 पुस्तके, वृत्तपत्रे व लेखनसाहित्य मागवण्याची. भारतातील 1894 च्या कारागृह कायद्याच्या कलम 31 मध्येही शिक्षा न झालेल्या कैद्याला अन्न, कपडे, अंथरूण-पांघरूण आणि इतर आवश्यक वस्तू बाहेरून घेण्याची तरतूद आहे, अर्थात तपासणी आणि नियमांच्या अधीन राहून. मंडेला नियम कोणत्याही तुरुंगाधिकाऱ्यावर थेट बंधनकारक नाहीत, पण स्थानिक नियमावलीत संदिग्धता असेल तेव्हा अर्जात त्यांचा उल्लेख करणे उपयोगी पडते. आप्ताला शिक्षा सुनावली गेली की मात्र काल चालत असलेली वस्तू आज चालेलच असे नाही. निकालानंतर सगळी चौकशी नव्याने करावी.

तुरुंगाची पद्धत ओळखणे

पार्सलांबाबत तुरुंगांच्या ढोबळमानाने चार पद्धती दिसतात. काही तुरुंग घरून आलेले पार्सल, टपालाने किंवा दारावर, वजनाच्या मर्यादेत स्वीकारतात. काही ठिकाणी वस्तू फक्त तुरुंगाने मान्य केलेल्या विक्रेत्याकडूनच थेट पाठवाव्या लागतात. काही ठिकाणी वस्तू पाठवताच येत नाही. कैद्याच्या खात्यात पैसे भरायचे आणि त्याने हवे ते आतल्या कॅन्टीनमधून घ्यायचे. आणि काही ठिकाणी प्रत्येक वस्तूसाठी कैद्याने आतून अर्ज करून आधी मंजुरी मिळवावी लागते, ती मंजुरीची प्रत बाहेर येते आणि ती लावलेले पार्सलच आत घेतले जाते.

एकाच देशात या पद्धती शेजारी शेजारी नांदतात. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत पूर्वपरवानगीशिवाय घरचे पार्सल घेतले जात नाही. कॅलिफोर्नियाच्या राज्य तुरुंगांत मान्य विक्रेत्याकडून तिमाहीला एक, 30 पौंडांपर्यंतचे, म्हणजे सुमारे साडेतेरा किलोंचे पार्सल मागवता येते, तेही कैद्याची वर्गवारी तशी असेल तर. न्यूयॉर्क राज्यात पूर्वी कुटुंबे स्वतः खोकी भरून नेत असत. 2022 मध्ये राज्याने घरून येणाऱ्या बहुतेक पार्सलांना मनाई करून विक्रेत्यांचा मार्ग सक्तीचा केला. रशियात तपासाधीन कैद्यासाठी महिन्याला एकूण 30 किलोंची मर्यादा आहे. जपानमध्ये भेटीला आलेल्या नातलगाने खिडकीवर वस्तू जमा करण्याची रीत रुळलेली आहे. हे सांगण्याचा हेतू एवढाच, की एका तुरुंगाचा अनुभव दुसऱ्याला लावू नये, मग तो अनुभव सांगणारा कितीही जाणकार असो.

माहिती घ्यायची ती तीन ठिकाणांहून आणि तीनही ताडून पाहायची: तुरुंगाची लेखी नियमावली किंवा संकेतस्थळ, तुरुंगाच्या कार्यालयाचा फोन, आणि खुद्द आप्त. लेखी नियम जुना असू शकतो, फोनवरचा माणूस अंदाजाने बोलू शकतो आणि आप्ताला त्याच्या बराकीत चालणारी रीत माहीत असते पण तिचे कारण माहीत नसते. फोनवर बोलताना तारीख, वेळ, बोलणाऱ्याचे नाव किंवा पद आणि त्याने दिलेले उत्तर एका वहीत लिहून ठेवावे. पार्सल परत आले तर याच नोंदीचा आधार असतो. विचारायचे प्रश्नही नेमके असावेत. “कपडे चालतात का?” असे विचारले तर “चालतात” असे उत्तर मिळते आणि ते निरुपयोगी असते. “बाह्यांचा, बिनटोपीचा, बिनचेनचा राखाडी स्वेटर चालतो का, आणि एका वेळी किती?” असे विचारले तर उपयोगाचे काहीतरी हाती लागते.

त्याला खरोखर काय हवे आहे

आत असलेल्या माणसाला “काय पाठवू?” असे विचारले की बहुतेक वेळा “काही नको” असेच ऐकू येते. घरावर आधीच खर्चाचा बोजा आहे हे त्याला कळत असते आणि मागणे त्याला अवघड जाते. म्हणून प्रश्न असे विचारावेत की उत्तर हो-नाहीत किंवा आकड्यात येईल: अंगावरचे बनियन किती आहेत, रात्री थंडी वाजते का, चष्म्याची काच ठीक आहे का, चपलेचा पट्टा तुटला आहे का, कॅन्टीनमध्ये साबण मिळतो का आणि तो मिळत असेल तर घरून पाठवण्यात अर्थ आहे का.

जास्त पाठवणे म्हणजे जास्त माया, हा समज आत महागात पडतो. एक तर प्रत्येक कैद्याजवळ किती सामान असावे याला मर्यादा असते. इंग्लंड आणि वेल्समधील तुरुंगांत सर्वसाधारणपणे कैद्याचे सामान ठरावीक मापाच्या दोन पेट्यांत मावावे लागते. वरचे सामान गोदामात जाते. दुसरे, आत रोख पैसे नसतात तिथे वस्तूच चलन बनतात. अमेरिकेतील तुरुंगांत टपालाची तिकिटे असे चलन म्हणून वापरली जातात आणि त्यामुळे बाहेरून कोरी तिकिटे पाठवायला अनेक ठिकाणी मनाई आहे. ज्याच्याकडे भरपूर आणि भारी वस्तू आहेत त्याच्याकडे उसनवारी, दमदाटी आणि चोरी यांचे लक्ष जाते. नव्याने आत गेलेल्या माणसाच्या बाबतीत तर हे हमखास घडते. प्रसिद्ध ब्रँडचे बूट किंवा महागडे घड्याळ पाठवून आपण त्याला सुख देत नाही, संकटात टाकतो. साधी, टिकाऊ, बिननावाची वस्तू आणि तीही थोडीथोडी, पण ठरलेल्या अंतराने पाठवणे हेच शहाणपणाचे. पुढचे पार्सल केव्हा येणार हे त्याला माहीत असले की तो वस्तू पुरवून वापरतो आणि उधारीच्या फंदात पडत नाही.

कपडे आणि रोजच्या वापराच्या वस्तू

कपड्यांत सर्वाधिक अडतात त्या नाड्या, टोप्या, धातूच्या चेन, दुहेरी अस्तर आणि रंग. नाडी किंवा दोरी गळफासासाठी वापरता येते, टोपीने चेहरा झाकतो, अस्तरात वस्तू लपवता येते. आणि पहारेकऱ्यांच्या गणवेशाशी किंवा लष्करी रंगसंगतीशी मिळताजुळता कपडा पळून जाण्यास मदत करू शकतो. काही तुरुंगांत काळा, काहींत निळा किंवा खाकी वर्ज्य असतो, म्हणून रंग विचारूनच घ्यावा. एकरंगी, छपाई नसलेला, लवचीक पट्ट्याचा सुती कपडा सहसा पार पडतो. अंतर्वस्त्रे नवी, मूळ वेष्टनात असावीत. तुरुंगातील सामाईक धुलाईत कपडे कडकडीत गरम पाण्यातून निघतात आणि आटतात, त्यामुळे माप एक आकडा मोठे घेणे बरे. पादत्राणांत तळव्यातील लोखंडी पट्टी आणि जाड टाच या दोन गोष्टी अडतात. पातळ तळव्याची, वेल्क्रोच्या पट्ट्याने बंद होणारी पादत्राणे निवडावीत.

प्रसाधनाच्या वस्तूंत अल्कोहोल असलेले काहीही, म्हणजे अत्तर, बरेच माउथवॉश आणि काही आफ्टरशेव्ह, शिवाय दाबाखाली भरलेले फवारे आणि काचेच्या बाटल्या वगळाव्यात. शक्य तिथे पारदर्शक बाटली निवडावी, कारण आतला पदार्थ दिसला तर ती फोडून पाहण्याची गरज उरत नाही. स्त्री कैद्यांच्या बाबतीत, संयुक्त राष्ट्रांच्या 2010 च्या बँकॉक नियमांनुसार सॅनिटरी पॅड तुरुंगानेच विनामूल्य पुरवायचे आहेत. ते प्रत्यक्षात पुरेसे मिळतात का हे विचारावे आणि मिळत नसतील तर पार्सलाबरोबर लेखी तक्रारही करावी.

खाण्याचे पदार्थ

सर्वांत जास्त हौस इथे असते आणि सर्वांत जास्त निराशाही. घरी शिजवलेले अन्न टपालाने जवळपास कुठेच स्वीकारले जात नाही. दारावर स्वीकारले जाते तिथेही ते बहुधा न्यायाधीन कैद्यासाठी, ठरलेल्या वेळेत आणि पारदर्शक डब्यात द्यावे लागते. आणणाऱ्यालाच त्यातला घास खाऊन दाखवायला सांगितले जाऊ शकते. अपमान वाटून न घेता तो खावा. काही देशांत आजारी किंवा विशिष्ट आहार लागणाऱ्या न्यायाधीन कैद्यासाठी न्यायालयाकडून घरच्या जेवणाची परवानगी मिळते. त्यासाठी वैद्यकीय कागद जोडून वकिलामार्फत अर्ज करावा लागतो.

कोरड्या, कारखान्यात बंद केलेल्या पदार्थांबाबतही काही मनाया वरवर विचित्र वाटतात, पण त्यांना कारणे आहेत. ताजी फळे, यीस्ट आणि कधीकधी साखर अडवली जाते, कारण यांपासून आत दारू तयार करता येते. तिखट पूड डोळ्यांत फेकता येते. च्युइंगमने कुलपे निकामी करता येतात. खसखस असलेला पदार्थ खाल्ल्यास लघवीच्या तपासणीत अफूजन्य द्रव्याचा अंश दिसू शकतो आणि कैद्यावर नशा केल्याचा ठपका येऊ शकतो. ही शेवटची गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते. काच आणि पत्र्याचे डबे तर वर्ज्यच. वेष्टन उघडलेले नसावे, घटक पदार्थांची छापील यादी वर असावी आणि खराब होण्याची मुदत किमान दोन-तीन महिने पुढची असावी, कारण तपासणीच्या रांगेत काही आठवडे जाऊ शकतात.

औषधे आणि चष्मा वेगळ्या वाटेने

औषध कधीही सर्वसाधारण पार्सलात घालू नये, मग ती साधी डोकेदुखीची गोळी का असेना. सुटी गोळी दिसली की संपूर्ण पार्सल संशयित ठरते. मंडेला नियमांतही कैद्याने सोबत आणलेल्या औषधाचे काय करायचे, याचा निर्णय वैद्यकीय व्यक्तीवर सोपवलेला आहे. योग्य मार्ग असा की सुरू असलेल्या उपचारांचे सारपत्र, अलीकडचे डॉक्टरांचे चिठ्ठीपत्र आणि तपासणी अहवाल यांच्या प्रती तुरुंगाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला वेगळ्या लिफाफ्यातून पाठवाव्यात आणि औषध आतून मिळेल की बाहेरून पाठवावे लागेल, हे लेखी विचारावे. चष्मा, श्रवणयंत्र, कवळी आणि दम्याचा पंप यांचाही मार्ग हाच. चष्म्याची चौकट प्लास्टिकची घ्यावी आणि नंबराची चिठ्ठी सोबत जोडावी. मधुमेह, फिट्स किंवा मानसिक आजारावरील औषधे चालू असतील तर हे काम पार्सलाच्या कितीतरी आधी, अटकेनंतरच्या पहिल्या एक-दोन दिवसांतच करायला हवे.

पुस्तके, पत्रे, फोटो

पुस्तक पाठवणे सोपे वाटते, पण नियम कडक असतात. जाड पुठ्ठ्याच्या बांधणीत वस्तू लपवता येते म्हणून अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत असे पुस्तक फक्त प्रकाशक, पुस्तक मंडळ किंवा पुस्तकाच्या दुकानातून थेट आले तरच घेतले जाते. तारेची बांधणी जवळपास सर्वत्र वर्ज्य आहे. इंग्लंडमध्ये 2013 च्या अखेरीस लागू झालेल्या नियमांमुळे कैद्यांना घरून पुस्तके मिळणे जवळजवळ बंद झाले होते; एका कैद्याच्या वतीने दाद मागितली गेली आणि डिसेंबर 2014 मध्ये उच्च न्यायालयाने हा निर्बंध बेकायदा ठरवला. नियम मोठा असला तरी त्याला आव्हान देता येते, याचे हे चांगले उदाहरण आहे. नव्याने घेतलेले, मऊ बांधणीचे, समासात काही न लिहिलेले पुस्तक विक्रेत्याकडून थेट आप्ताच्या नावे पाठवणे हा सर्वांत निर्धोक मार्ग. घरातल्या जुन्या पुस्तकावर भावनिक जीव असला तरी त्यातल्या अधोरेखित ओळी तपासणाऱ्याला सांकेतिक मजकूर वाटू शकतात.

पत्रांबाबत गेल्या काही वर्षांत मोठा बदल झाला आहे. कृत्रिम मादक द्रव्यांच्या द्रावणात भिजवून वाळवलेला कागद टपालाने आत जाऊ लागल्याने अनेक तुरुंगांनी मूळ पत्र देणे थांबवून त्याची छायाप्रत देणे सुरू केले. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्याने 2018 पासून कैद्यांचे वैयक्तिक टपाल एका खासगी कंपनीकडे वळवले. ती पत्रे स्कॅन करते आणि आत फक्त प्रत पोहोचते. अशा ठिकाणी पत्र पाठवण्याचा पत्ता आणि तुरुंगाचा पत्ता वेगळे असतात, हे आधी तपासावे. पत्र पांढऱ्या कागदावर, एका बाजूला, निळ्या किंवा काळ्या शाईने, मोकळ्या ओळींत लिहावे, म्हणजे प्रत वाचता येते. मुलांनी काढलेले चित्र मेणखडू, चमकी, चिकटवलेले कागद किंवा जलरंग यांमुळे अडते; तेच चित्र पेन्सिलीने काढले, किंवा मूळ घरी ठेवून त्याची छापील प्रत पाठवली, तर जाते. लिफाफ्याला अत्तर लावू नये, ओठांचा ठसा उमटवू नये, स्टिकर लावू नयेत. तुरुंगातील अधिकाऱ्यांना न कळणाऱ्या भाषेतील पत्र भाषांतरासाठी अडकून पडते. परप्रांतात किंवा परदेशात आप्त असेल तर महत्त्वाचा निरोप त्यांच्या कामकाजाच्या भाषेत वेगळ्या पत्रात लिहिणे हिताचे ठरते.

फोटो साध्या कागदावर छापलेला असावा. झटपट छपाईच्या कॅमेऱ्यातला थरांचा फोटो चालत नाही. फोटोत सहआरोपी, साक्षीदार, शस्त्र किंवा बोटांनी केलेले, टोळीची खूण वाटतील असे इशारे नसावेत. मागे आप्ताचे नाव आणि कैदी क्रमांक लिहावा. खटल्याविषयी काहीही पत्रात लिहू नये, कारण ते वाचले जाते हे गृहीतच धरायला हवे.

खोके भरणे

वस्तू जमल्या की प्रथम यादी करावी आणि ती शब्दशः स्पष्ट असावी. “कपडे” असे न लिहिता “बनियन, पांढरे, सुती, बिनखिशाचे, नवे, 3, पायजमा, राखाडी, इलॅस्टिकचा, 2, साबण, मूळ वेष्टनात, 4” अशी. यादीच्या तीन प्रती कराव्यात: एक खोक्यात अगदी वर, एक आप्ताला पत्राने वेगळी, आणि एक स्वतःजवळ. मंजुरीचा फॉर्म लागत असेल तर तो खोक्याच्या बाहेर पारदर्शक पिशवीत चिकटवायचा की आत ठेवायचा, हेही विचारून घ्यावे.

खोके नवे आणि एकपदरी असावे. जुन्या खोक्यावरची लेबले गोंधळ करतात आणि दुहेरी तळ संशय निर्माण करतो. मोकळी जागा भरण्यासाठी वर्तमानपत्राचे बोळे किंवा फुगे असलेले प्लास्टिक न वापरता खोकेच लहान घ्यावे. प्रत्येक प्रकारची वस्तू वेगळ्या पारदर्शक पिशवीत ठेवावी, पण पिशवी वितळवून बंद करू नये. एका वस्तूत दुसरी वस्तू, म्हणजे मोज्यात साबण, बुटात बनियन, असे जागा वाचवणारे कौशल्य प्रवासाच्या बॅगेसाठी राखून ठेवावे. तपासणाऱ्याला ते लपवाछपवी वाटते. चिकटपट्टी एकच थर, सरळ. पाठवणाऱ्याचे पूर्ण नाव आणि खरा पत्ता बाहेर असावा, आणि भेटीसाठी मंजूर झालेल्या नातलगांच्या यादीत ज्याचे नाव आहे त्यानेच शक्यतो पाठवावे. वजन घरी करून मर्यादेपेक्षा थोडे कमीच ठेवावे. खोके बंद करण्यापूर्वी सगळ्या वस्तू मांडून यादीसह एक फोटो काढावा. पुढे एखादी वस्तू गहाळ झाली तर तो कामी येतो. नोंदणीकृत किंवा मागोवा घेता येणाऱ्या टपालानेच पाठवावे.

भेटीच्या (मुलाखतीच्या) दिवशी दारावर द्यायचे असेल तर ओळखपत्र, यादी आणि भरपूर वेळ घेऊन जावे आणि जमा केल्याची पावती घेतल्याशिवाय हलू नये. रांगेत कोणी “एवढी पिशवी माझ्याही माणसाला द्या” म्हणून हातात काही ठेवू लागला तर कितीही अवघडल्यासारखे झाले तरी नकार द्यावा. तुरुंगात निषिद्ध वस्तू पोहोचवणे बहुतेक देशांत गुन्हा आहे आणि पिशवीत काय होते ते मला माहीत नव्हते, हा बचाव फार क्वचित टिकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या एमआय 9 या गुप्त विभागाने युद्धकैद्यांना सुटकेसाठी नकाशे आणि होकायंत्रे लपवून पाठवली, पण त्यासाठी रेडक्रॉसची पार्सले वापरली नाहीत, बनावट संस्थांच्या नावे वेगळी पार्सले पाठवली. कारण रेडक्रॉसच्या एका खोक्यात काही सापडले असते तर सगळ्या कैद्यांची अन्नाची वाट बंद झाली असती. तुरुंगाच्या दारावरही नेमके हेच घडते: एकाने केलेल्या फसवणुकीनंतर नियम सगळ्यांसाठी आवळले जातात.

पैसे

जिथे कॅन्टीन नीट चालते तिथे पैसे पाठवणे पार्सलापेक्षा अधिक उपयोगी ठरते, हे मनाला कितीही कोरडे वाटले तरी खरे आहे. नोट पाकिटात घालू नये. मनीऑर्डर, बँक किंवा तुरुंगाने नेमलेल्या सेवेमार्फतच भरावे आणि महिन्याची कमाल मर्यादा विचारावी. काही व्यवस्थांत जमा रकमेतून दंड, भरपाई किंवा न्यायालयीन देणी कापली जातात, म्हणून मोठी रक्कम एकदम न भरता लहान रक्कम नियमित भरावी. दुसऱ्या कैद्याच्या खात्यात किंवा त्याच्या बाहेरच्या नातलगाला पैसे द्यायला आप्ताने सांगितले, तर ते बहुधा कर्ज किंवा खंडणीचे लक्षण असते. पैसे न देता वकिलाशी किंवा तुरुंगाच्या कल्याण अधिकाऱ्याशी बोलावे. “साहेबांना सांगून सामान आत पोहोचवतो” असे म्हणणारा मध्यस्थ भेटला तर त्याच्यापासून दूर राहावे.

परदेशातील तुरुंग

आप्त परदेशात अटकेत असेल तर 1963 च्या व्हिएन्ना वाणिज्यदूत संबंध कराराच्या कलम 36 नुसार, त्याने मागणी केल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीला अटकेची खबर देणे त्या देशावर बंधनकारक आहे. वकिलातीकडून त्या तुरुंगाचे नियम, भाषा आणि पैसे पाठवण्याचा मार्ग कळू शकतो. पार्सल पाठवणे शक्य असल्यास सीमाशुल्काचा घोषणापत्र फॉर्म, लहान पाकिटांसाठी सीएन 22 आणि मोठ्यांसाठी सीएन 23, वस्तूनिहाय भरावा लागतो. एक अडचण सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही: शुल्क आकारले गेले तर ते भरायला कैदी टपाल कार्यालयात जाऊ शकत नाही, आणि पार्सल परत फिरते. शुल्क पाठवणाऱ्याने भरण्याची सोय असलेली सेवा निवडावी, किंवा त्याच देशातील विक्रेत्याकडून वस्तू मागवून तिथल्या तिथे पाठवाव्यात. दुसरा पर्याय मला अधिक व्यवहार्य वाटतो.

पाठवल्यानंतर

पार्सल पोहोचल्याची टपालाची नोंद म्हणजे ते आप्ताच्या हातात पडल्याची नोंद नव्हे. त्याला यादीची प्रत आधीच मिळालेली असेल तर तो प्रत्येक वस्तूपुढे खूण करून काय मिळाले आणि काय नाही ते पत्रातून कळवू शकतो. दोन-तीन आठवड्यांत खबर नसेल तर टपाल क्रमांक देऊन कार्यालयात चौकशी करावी. एखादी वस्तू नाकारली गेली असेल तर तिचे कारण लेखी मागावे आणि ती परत पाठवली जाईल, गोदामात राहील की नष्ट केली जाईल हेही विचारावे. परतीचा खर्च मुदतीत न भरल्यास काही ठिकाणी वस्तू नष्ट करतात.

कारण पटण्यासारखे नसेल तर आधी तुरुंग अधीक्षक, मग त्यांचे वरिष्ठ कार्यालय आणि त्यानंतर लोकपालासारखी स्वतंत्र यंत्रणा किंवा न्यायालय या क्रमाने जावे. इंग्लंड आणि वेल्समध्ये यासाठी वेगळा तुरुंग लोकपाल आहे. मंडेला नियम 56 नुसार कैदी किंवा त्याचा वकील तक्रार करू शकत नसेल तर कुटुंबातील व्यक्ती ती करू शकते, आणि नियम 57 नुसार तक्रारीबद्दल त्याच्यावर सूड उगवला जाता कामा नये. आप्ताला आत शिक्षा झाल्यामुळे पार्सल थांबवले असेल तर नियम 43 पाहावा: कुटुंबाशी संपर्क तोडणे ही शिस्तभंगाची शिक्षा असू शकत नाही, फक्त संपर्काच्या साधनांवर सुरक्षेपुरता आणि मर्यादित काळासाठी निर्बंध घालता येतो. तक्रार लिहिण्यापूर्वी आप्ताला विचारावे, कारण तक्रारीचे बरेवाईट परिणाम आधी त्याला सोसावे लागतात. भाषा संयत ठेवावी, एका अर्जात एकच विषय मांडावा आणि वहीतल्या तारखा व पावत्यांच्या प्रती जोडाव्यात.

सुटकेची तारीख जवळ आली की नेहमीची पार्सले थांबवावीत, कारण उशिरा पोहोचलेले सामान तो बाहेर पडल्यावर परत मिळवणे त्रासाचे असते. त्याऐवजी बाहेर पडताना घालायच्या कपड्यांचा एक जोड स्वीकारला जातो का, ते विचारावे. अमेरिकेच्या संघीय तुरुंगांत शिक्षेच्या शेवटच्या 30 दिवसांत असे कपडे मागवण्याची परवानगी मिळू शकते. माप विचारताना सध्याचे वजन विचारावे, अटकेपूर्वीचे नव्हे. गोदामात त्याच्या नावे काय काय जमा आहे त्याची यादीही त्याने सुटकेच्या किमान आठवडाभर आधी मागून घ्यावी आणि आपल्याजवळच्या पावत्यांशी ती ताडून पाहावी.